इलेक्ट्रॉनिक गिअर घेण्याआधी मागचं चाक काढून बघा

ग्रॅव्हल सायकलला, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवर चालणाऱ्या वाकड्या हँडलच्या सायकलला, इलेक्ट्रॉनिक गिअर बसवायचं मनात आलं की माणूस शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा लिव्हर) आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) बघायला लागतो. साहजिकच आहे. पैसे तिथेच जातात, बॅटरी तिथेच असते आणि बटण दाबल्यावर येणारा तो बारीक 'झिप्' आवाजही तिथलाच. मीही तिथूनच सुरुवात केली. डिरेलर आलं, शिफ्टर आले, १०-४४ दात्यांची झकास कॅसेट आली, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, सगळ्यात छोटी १० दात्यांची आणि मोठी ४४ ची. कॅसेट चाकावर चढवायला गेलो तर ती हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, शिरेचना. कॅसेट चांगली होती, हबही चांगला होता. फक्त दोघांच्या खाचा वेगळ्या होत्या. शिफ्टर कुठला घ्यायचा यावर मी तीन आठवडे डोकं खपवलं होतं आणि मागचं चाक एकदाही काढून बघितलं नव्हतं.

त्यामुळे या लेखातला क्रम मुद्दाम उलटा आहे. जे बदलणं सगळ्यात अवघड किंवा महाग ते आधी: फ्रेम, मागचं चाक, ब्रेक. तुमच्या सायकलला काय चालेल हे ते तिघं ठरवतात. डिरेलर कुठलं हा प्रश्न शेवटी येतो, आणि तोवर त्याचं उत्तर बरंचसं मिळालेलं असतं.

तार गेली, मग अडचण कुठे गेली?

तारेच्या गिअरमध्ये सगळा खेळ ओढीचा असतो. शिफ्टरच्या एका क्लिकला ठरावीक मिलिमीटर तार ओढली जाते आणि तेवढ्या ओढीने डिरेलर ठरावीक अंतर सरकतं. हे गणित कंपनीगणिक, कधीकधी एकाच कंपनीच्या रोड आणि माउंटन मालिकांमध्येही, वेगळं असतं. म्हणून एकाचा शिफ्टर दुसऱ्याच्या डिरेलरला लावला की गिअर दोन दातेरी चकत्यांच्या मधे लटकतो आणि चेन खडखडते.

इलेक्ट्रॉनिकमध्ये ओढ नाहीच. शिफ्टर म्हणजे नुसतं बटण. किती सरकायचं हे डिरेलरमधल्या मोटरला माहीत असतं. याचा एक मोठा फायदा झाला. एकाच कुटुंबातलं कुठलंही बटण त्या कुटुंबातलं कुठलंही डिरेलर हलवू शकतं. स्रॅम कंपनीच्या एएक्सएस या बिनतारी मालिकेत वाकड्या हँडलचा रोडवाला शिफ्टर माउंटन बाइकच्या ईगल डिरेलरशी सरळ जोडता येतो. तारेच्या काळात यासाठी मधे कसले कसले अडॅप्टर बसवावे लागत.

पण मोटरला जे शिकवलेलं असतं तेवढंच तिला येतं. १२-स्पीड डिरेलरची पावलं १२ चकत्यांच्या अंतराला धरून ठरलेली असतात. जुनी ११-स्पीड कॅसेट तशीच ठेवून त्यावर नवं १२-स्पीड डिरेलर चालवू, हा बेत तिथेच संपतो. दुसरी अडचण भाषेची. स्रॅमचं बटण शिमानो या दुसऱ्या कंपनीच्या डिरेलरशी बोलत नाही. इतकंच काय, एकाच घरातल्या दोन पिढ्याही एकमेकींशी बोलत नाहीत. स्रॅमने २०१५ मध्ये आणलेली पहिली बिनतारी ईटॅप ११-स्पीड होती. २०१९ मध्ये आलेल्या १२-स्पीड एएक्सएसशी तिचा काही संबंध नाही. शिमानोचंही तेच. जीआरएक्स ही त्यांची ग्रॅव्हलची मालिका आणि डीआयटू हे त्यांच्या इलेक्ट्रॉनिक गिअरचं नाव. २०१९ चं ११-स्पीड जीआरएक्स डीआयटू आणि २०२४ चं १२-स्पीड जीआरएक्स डीआयटू ही नावाने भावंडं असली तरी एकाचा शिफ्टर दुसऱ्याच्या डिरेलरला चालत नाही. वायरीसुद्धा बदलल्या. जुनी जाड, नवी बारीक आणि प्लगही वेगळा. जुना माल घेणाऱ्यांनी हे आधी बघावं. 'ईटॅप' किंवा 'डीआयटू' एवढंच लिहिलेली जाहिरात अर्धी माहिती देते. मॉडेल क्रमांक मागावा.

थोडक्यात, तारेच्या ओढीचं कोडं सुटलं. पण घोडं आता दुसरीकडे पेंड खातं: हबवर, चेनमध्ये, फ्रेमच्या मागच्या टोकाला आणि ब्रेकमध्ये.

मागचं चाक: फ्रीहब

मागच्या हबच्या ज्या फिरत्या नळकांड्यावर कॅसेट चढते ते फ्रीहब. पेडल थांबवलं की टिकटिक करतं तेच. बाहेरून सगळी सारखी वाटतात. कॅसेट उतरवली की फरक दिसतो.

सगळ्यात जास्त दिसतं ते एचजी. शिमानोने रूढ केलेलं आणि जवळजवळ सगळ्यांनी वापरलेलं. त्यावर उभ्या खाचा असतात आणि कॅसेट त्यात सरकून बसते. एचजीचं नळकांडं जाड आहे, त्यामुळे त्यावर बसणारी सगळ्यात छोटी चकती ११ दात्यांची. १० दात्यांची चकती इतकी लहान की ती त्या नळकांड्यावर चढूच शकत नाही. कॅसेटवर '१०-' असं काहीही लिहिलेलं असलं तर साधं एचजी फ्रीहब चालणार नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात. माझी चूक नेमकी हीच होती.

१० दाते बसवण्यासाठी स्रॅमने एक्सडी आणि एक्सडीआर ही आखूड, आट्यांची नळकांडी काढली. त्यात कॅसेट फ्रीहबवर पिळली जाते आणि छोट्या चकत्या नळकांड्याच्या टोकापुढे अधांतरी असतात. एक्सडी माउंटनसाठी, एक्सडीआर रोड आणि ग्रॅव्हलसाठी. एक्सडीआर १.८५ मिलिमीटरने लांब आहे, बाकी फरक नाही. म्हणून एक्सडीची कॅसेट १.८५ मिलिमीटरचा स्पेसर टाकून एक्सडीआरवर बसते. उलट मात्र जमत नाही, कारण लांबी कमी पडली तर ती भरून काढायला काही टाकता येत नाही. गंमत म्हणजे एचजीतही रोडचं ११-स्पीड नळकांडं जुन्या माउंटनच्या नळकांड्यापेक्षा नेमकं १.८५ मिलिमीटरनेच लांब. हा आकडा सायकलवाल्यांच्या डोक्यात घर करून बसलेला असतो.

शिमानोने १० दात्यांसाठी स्वतःचं मायक्रो स्प्लाइन काढलं. त्याच्या खाचा बारीक आणि संख्येने जास्त. माउंटनच्या १०-४५ आणि १०-५१ कॅसेट त्यावर बसतात. कॅम्पाग्नोलोचं एन३डब्ल्यू वेगळंच. ते एकार या १३-स्पीड तारेच्या ग्रॅव्हल गिअरसोबत २०२० मध्ये आलं. तुमच्या चाकावर ते असेल तर वर सांगितलेलं काहीही त्यावर सरळ बसणार नाही.

आता चाक जुळत नसेल तर? बऱ्याच हबमध्ये फ्रीहब सुटं मिळतं. कडेची टोपी ओढायची, जुनं नळकांडं ओढून काढायचं, नवं बसवायचं. दहा मिनिटांचं काम. पण स्वस्त सायकलींसोबत येणाऱ्या काही हबना दुसरं फ्रीहब मिळतच नाही. तिथे एक तर चाक बदलायचं, नाहीतर एचजीवर बसणारी कॅसेट निवडायची. दुसरा मार्ग कमीपणाचा नाही. एक्सपीएलआर या स्रॅमच्या ग्रॅव्हल मालिकेतली ११-४४ दात्यांची १२-स्पीड कॅसेट एचजीवर बसते. शिमानोच्या ११-३४ आणि ११-३६ या १२-स्पीड कॅसेटही ११-स्पीडच्या एचजी नळकांड्यावर चढतात. १० ऐवजी ११ दाते म्हणजे सगळ्यात जड गिअर नऊ-दहा टक्क्यांनी हलका. ग्रॅव्हलवर तो फरक उतारावर पेडल मारतानाच कळेल, आणि खडीच्या उतारावर पेडल मारतं कोण?

हँगर आणि यूडीएच

फ्रेमच्या मागच्या टोकाला, जिथे डिरेलर लटकतं, तो छोटा धातूचा तुकडा म्हणजे हँगर. पडझड झाली की फ्रेमऐवजी तो वाकावा हाच त्याचा उपयोग. पूर्वी प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असायचा आणि तुटला की शोधत फिरावं लागायचं. स्रॅमने २०१९ मध्ये यूडीएच नावाचा एक सामाईक हँगर आणला आणि बऱ्याच फ्रेमवाल्यांनी तो स्वीकारला. त्यामागचा हेतू नंतर उघड झाला. यूडीएचची जागा सगळीकडे एकसारखी असल्यामुळे हँगर काढून टाकून डिरेलर थेट फ्रेमलाच आवळता आलं. २०२३ मध्ये माउंटनसाठी ईगल ट्रान्समिशन आणि २०२४ मध्ये ग्रॅव्हलसाठी १३-स्पीड रेड एक्सपीएलआर याच पद्धतीने आले. २०२५ मध्ये रेडच्या खालच्या फोर्स आणि रायव्हल मालिकांमध्येही तेच १३-स्पीड आलं.

फ्रेम यूडीएचची नसेल तर ही डिरेलरं बसत नाहीत. मधे टाकायचा तुकडा नाही, जुगाड नाही. मागच्या अ‍ॅक्सलजवळचा फ्रेमचा आकारच तसा लागतो. म्हणून १३-स्पीडवर मन जडलं असेल तर सगळ्यात आधी फ्रेम बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात यूडीएच शोधा. नसेल तर १२-स्पीड एक्सपीएलआर आणि शिमानोची डीआयटू डिरेलरं नेहमीच्या हँगरवर बसतात. त्यात रडण्यासारखं काही नाही.

हँगर ठेवणार असाल तर तो सरळ आहे का ते गेज लावून तपासून घ्या. 'इलेक्ट्रॉनिक आहे, आपोआप जुळेल' हा गैरसमज फार पसरलेला आहे. मोटर अचूक पावलं टाकते, पण तिरक्या हँगरवरून टाकलेली अचूक पावलं तिरकीच पडतात. आणि १२ चकत्या ११ पेक्षा जवळजवळ असल्याने जुन्या गिअरवर खपून गेलेला वाक नव्यावर खडखडायला लागतो.

ब्रेक, म्हणजे खिशाला खरी चाट

याचा विचार कोणी करत नाही आणि याच्यावरच सगळं अंदाजपत्रक कोलमडतं. वाकड्या हँडलवर शिफ्टर आणि ब्रेकचा लिव्हर एकच वस्तू असते. गिअर बदलायचे म्हणजे लिव्हर बदलायचे, आणि लिव्हर बदलायचे म्हणजे ब्रेकच्या व्यवस्थेचा वरचा निम्मा भाग बदलायचा.

स्रॅमचे वाकड्या हँडलचे हायड्रॉलिक ब्रेक डॉट ५.१ द्रवावर चालतात, शिमानोचे मिनरल ऑइलवर. ही दोन तेलं एकमेकांची वैरी. मिनरल ऑइलसाठी बनवलेल्या रबरी सीलवर डॉट गेलं की ती फुगतात, आणि उलट केलं तरी नुकसान होतं. त्यामुळे स्रॅमचा लिव्हर आणि शिमानोचा कॅलिपर (चाकाजवळचा, ब्रेकची चकती म्हणजे रोटर दाबणारा भाग) ही जोडी करायची नाही. ब्रेकमध्ये प्रयोग नकोत.

याचा व्यवहारातला अर्थ असा. सायकलवर आधीच शिमानोचे हायड्रॉलिक असतील तर डीआयटूकडे जाणं बहुधा स्वस्त पडतं. कॅलिपर, रोटर तसेच राहतात, फक्त लिव्हर बदलून ब्रेकमधली हवा काढायची. आधी स्रॅमचे हायड्रॉलिक असतील तर तोच न्याय एएक्सएसला. घर बदलायचं असेल तर कॅलिपरही नवे धरा. पॅडही बहुतेक नवेच लागतील, कारण जुने नव्या कॅलिपरच्या आकारात बसत नाहीत. रोटर मात्र सहसा राहतात.

आणि तारेचे डिस्क ब्रेक असतील तर? तिथे पूर्ण हायड्रॉलिक संच विकत घ्यावा लागतो. दोन्ही कंपन्यांचे रिम ब्रेकसाठीचे इलेक्ट्रॉनिक लिव्हर आहेत, ते तार ओढतात. पण ग्रॅव्हलसाठी खर्च करायचाच तर तो हायड्रॉलिकवर करावा असं माझं मत. ब्रेकमधला फरक गिअरमधल्या फरकापेक्षा जास्त जाणवतो, हे इलेक्ट्रॉनिक गिअरवरच्या लेखात लिहिणं जरा विचित्र वाटेल, पण खरं आहे.

चेन हीच खरी मालकीण

कॅसेट ठरली की चेन ठरते. चेन ठरली की चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची पुढची दातेरी चकती, ठरते. हा धागा मधेच तोडता येत नाही.

स्रॅमच्या १२-स्पीड रोड आणि एक्सपीएलआर कॅसेटना फ्लॅटटॉप चेन लागते. कड्यांची वरची कड सपाट असते म्हणून हे नाव. पण महत्त्वाचा फरक डोळ्याला दिसत नाही: आतले रोलर नेहमीच्या चेनपेक्षा मोठे आहेत. त्यामुळे नेहमीच्या चेनसाठी कापलेल्या दात्यांवर ती नीट बसत नाही. जुन्या ११-स्पीड सायकलची एकेरी चेनरिंग तशीच ठेवायची असेल तर ती फ्लॅटटॉपसाठी चालते असं बनवणाऱ्याने लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर नवी रिंग घ्या. क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, बदलायची गरज नाही, नुसती रिंग पुरते.

माउंटनची ईगल कॅसेट घेतली तर चेन ईगलची, डिरेलर ईगलचं आणि चेनरिंगही ईगलची चेन चालेल अशी. ईगल कॅसेटवर फ्लॅटटॉप किंवा एक्सपीएलआर कॅसेटवर ईगल चेन, असं मिसळायचं नाही. म्हणजे शिफ्टर कुठलाही चालतो, पण कॅसेट, चेन, चेनरिंग आणि डिरेलर ही चौकडी एकाच घरची लागते. वाकड्या हँडलचे शिफ्टर पुढे आणि माउंटनची अख्खी चौकडी मागे, अशा सायकलीला 'मलेट' म्हणतात. डोंगराळ वाटांवर सामान घेऊन फिरणाऱ्यांना ती मनापासून आवडते.

शिमानोत हा गुंता कमी आहे. १२-स्पीडच्या रोड आणि माउंटन दोन्ही कॅसेटना हायपरग्लाइड प्लस ही एकच चेन चालते. चेनरिंग तेवढी १२-स्पीडची असू द्या.

आता गिअर: किती हलका हवा?

इथे आकडेमोड करावी, कारण '१०-४४' आणि '११-३४' हे नुसते वाचून काहीच कळत नाही. ७००×४० च्या टायरचा परीघ साधारण २.२ मीटर. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागायचं आणि २.२ ने गुणायचं, की पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते निघतं.

पुढे ४०, मागे ४४: एका फेरीत दोन मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या, चढावर दमलेल्या माणसाला तेवढ्याच जमतात, तर ताशी ७.२ किलोमीटर. शिमानोच्या दुहेरी, म्हणजे पुढे दोन रिंग असलेल्या ४८/३१ च्या छोट्या रिंगवर मागे ३४ असेल तरी तोच, ताशी ७.२. स्रॅमच्या दुहेरी ४३/३० वर मागे ३६: ताशी ६.६. शिमानोचं २०२५ मधलं एकेरी आरएक्स८२७ डिरेलर घेऊन पुढे ४० आणि मागे ५१: ताशी ६.२. मलेट करून पुढे ३८, मागे ५२: ताशी ५.८. आता आठवून बघा, तुमच्या नेहमीच्या सगळ्यात वाईट चढावर तुम्ही किती वेगाने जाता. ताशी सहाने जात असाल तर ४०-४४ वर तुम्हाला मिनिटाला ५० फेऱ्यांवर रेटत बसावं लागेल, आणि गुडघे त्याचा हिशोब नंतर मागतात.

दुसऱ्या टोकाला ४०-१० वर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ४७ च्या वर वेग. याहून जास्त कोणाला लागत असेल तर तो माणूस शर्यतीत आहे.

हलका गिअर मिळवताना काय द्यावं लागतं तेही बघा. स्रॅमच्या १०-४४ कॅसेटच्या चकत्या १०, ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८, ३२, ३८, ४४. शेवटी सहा-सहा दात्यांच्या उड्या. शिमानोच्या ११-३४ च्या ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २४, २७, ३०, ३४. वेगाच्या बाजूला एकेका दात्याची पायरी. सपाट रस्त्यावर गटासोबत एका लयीत चालवणाऱ्याला दुसरी आवडेल. एकट्याने डोंगर चढणाऱ्याला १३ वरून १५ वर उडी बसल्याचं काही वाटणार नाही.

मग डिरेलर. प्रत्येकाची मोठ्यात मोठ्या चकतीची मर्यादा असते आणि ती गंभीरपणे घ्यावी. १२-स्पीड एक्सपीएलआर डिरेलर ४४ पर्यंत आणि फक्त एकेरी चेनरिंगसाठी. स्रॅमचं रोडचं एएक्सएस डिरेलर ३६ पर्यंत. पण २०१९ च्या पहिल्या रेड आणि फोर्स डिरेलरांची मर्यादा ३३ होती, दिसायला मात्र जवळजवळ सारखी. जुना माल घेताना इथे हमखास फसगत होते. शिमानोचं दुहेरीचं आरएक्स८२५ डिरेलरही ३६ पर्यंतच.

दुहेरी चेनरिंग ठेवायची असेल तर

एकेरी केली तर पुढचं डिरेलरच जातं आणि हा सगळा भाग वाचायची गरज नाही. दुहेरीच हवी असेल तर एक आकडा लक्षात ठेवा: २.५ मिलिमीटर. जाड टायरला जागा मिळावी म्हणून दोन्ही कंपन्यांनी ग्रॅव्हलच्या चेनरिंग रोडपेक्षा तेवढ्या बाहेर सरकवल्या. शिमानोत तो जीआरएक्स क्रँक, स्रॅममध्ये 'वाइड' क्रँक. पुढचं डिरेलरही मग तेवढं बाहेर पोचणारंच लागतं. रोडचं पुढचं डिरेलर जीआरएक्स क्रँकवर लावलं तर मोठ्या रिंगवर चेन चढवायला त्याचा हातच पुरत नाही.

स्रॅमच्या पुढच्या डिरेलरला स्वतःची बॅटरी असते आणि ती मागे टायरच्या दिशेने असते. टायर जाड असेल तर मधली जागा मोजूनच पुढे जा. आणि फ्रेमला पुढच्या डिरेलरची जागा आहे ना? बऱ्याच नव्या ग्रॅव्हल फ्रेमना ती नसतेच. मग पर्याय मिटला, एकेरीच.

बॅटरी कुठे राहणार

स्रॅममध्ये बॅटरी डिरेलरवरच लटकते, काढून चार्ज करता येते, आणि पुढची-मागची एकमेकांत बदलता येते. लांबच्या वाटेवर मागची संपली तर पुढची मागे लावून घरी येता येतं. पुढे गिअर एकच राहिला तरी चालतं. कंपनीच्या हिशोबाने एका चार्जवर साधारण ६० तास चालते. शिफ्टरमध्ये सीआर२०३२ नाणं-सेल.

शिमानोच्या आरएक्स८२५ मध्ये शिफ्टर बिनतारी असले तरी दोन्ही डिरेलरांना वायरीने जोडलेली एक बॅटरी फ्रेमच्या आत, बहुधा सीटपोस्टमध्ये, राहते. म्हणजे फ्रेममधून वायरी ओवायच्या, आणि तारेच्या गिअरसाठीच बनवलेल्या फ्रेममध्ये त्या कुठून घालायच्या हे आधी बघायचं. बटणाने खाली-वर होणारा ड्रॉपर सीटपोस्ट असेल तर बॅटरीची जागाच तो खातो. मग ती दुसरीकडे बसवावी लागते, आणि काही फ्रेममध्ये ती 'दुसरीकडे' सापडत नाही. आरएक्स८२७ मध्ये बॅटरी डिरेलरवरच असल्याने हा प्रश्नच उरत नाही, पण ते एकेरीच आहे आणि १०-५१ साठी मायक्रो स्प्लाइन फ्रीहब लागतं. शिमानोच्या १२-स्पीड शिफ्टरमधले सेल सीआर१६३२. दुकानात दोन्ही नाणी सारखी दिसतात, घेताना वरचा आकडा वाचा.

बीबीबद्दल, म्हणजे क्रँकचा दांडा फ्रेममध्ये ज्यात फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटबद्दल, लोक उगाच घाबरतात. क्रँक बदलत नसाल तर बीबीला हात लावायचा नाही. बदलत असाल तर शिमानोचा दांडा २४ मिलिमीटरचा आणि स्रॅमच्या डब या प्रकारचा २८.९९. त्यानुसार आणि फ्रेमच्या भोकानुसार बीबी घ्यायचं, संपलं.

एक सायकल धरून बघू

समजा सायकल आहे तारेची एकेरी ११-स्पीड. हायड्रॉलिक ब्रेक स्रॅमचे, पुढे ४० ची रिंग, मागे ११-४२, एचजी फ्रीहब, साधा हँगर. यूडीएच नाही म्हणजे १३-स्पीड बाद. ब्रेक डॉटवाले, म्हणून एएक्सएस सोयीचं, कॅलिपर राहतील. फ्रीहब एचजी, म्हणजे दोन वाटा: ते बदलून एक्सडीआर करायचं आणि १०-४४ घ्यायची, किंवा आहे तसंच ठेवून ११-४४. डिरेलर १२-स्पीड एक्सपीएलआर. चेन फ्लॅटटॉप. रिंग नवी, फ्लॅटटॉपची. क्रँक, बीबी, रोटर, चाकं जुनीच. विकत घ्यायचं ते एवढंच: लिव्हर, डिरेलर, कॅसेट, चेन, रिंग, आणि मनात आलं तर फ्रीहब. शिफ्टर हा यातला सगळ्यात सोपा निर्णय ठरला, कारण रेड, फोर्स, रायव्हल, एपेक्स यांपैकी कुठलाही एएक्सएस लिव्हर चालतो. फरक वजनाचा आणि पैशाचा.

आणि हीच सायकल शिमानोच्या ब्रेकची असती तर? वरची सगळी गणितं तीच, पण कॅलिपर दोन जास्त. तेवढ्यात कदाचित आरएक्स८२७ चं पारडं जड होतं. त्यालाही फ्रीहब बदलावं लागतंच, पण ब्रेकला हात लावावा लागत नाही.

वस्तू हातात आल्यावर जोडणी मात्र सोपी आहे. शिफ्टर आणि डिरेलरची ओळख करून द्यायची, अ‍ॅपमधून फर्मवेअर अद्ययावत करायचं (हे टाळू नका, बरेच विचित्र दोष त्यानेच जातात), चेनची लांबी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे कापायची. अंदाजाने नाही आणि जुन्या चेनच्या मापानेही नाही, कारण चकती मोठी झाली की चेन लांब लागते. सायकल गाडीतून न्यायची असेल तेव्हा स्रॅमच्या डिरेलरची बॅटरी काढून ठेवा. हादऱ्यांनी डिरेलर सतत जागं होतं आणि पोचेपर्यंत बॅटरी उतरलेली असते.

माझ्या त्या १०-४४ चं पुढे काय झालं? हबची टोपी हातानेच निघाली. एक्सडीआरचं नळकांडं मागवलं आणि ते आलं त्या संध्याकाळी पंधरा मिनिटांत बसलं. काढलेलं एचजी अजून खणात आहे, स्पेसरच्या पुडीशेजारी.